किमानींचे केस आणि माझी दाढी

माण, १४ ऑक्टोबर १९६३

सकाळी ओट्यावर बसलो होतो. भाताला लोंब्या धरल्या आहेत. वारा आला की सगळं खाचर एकदम एका अंगाला कलतं, थेट माझ्या चौथीच्या वर्गासारखं. कविता म्हणताना मुलं अशीच डुलायची. शाळा सुटून आता वर्षं झाली, तरी वाऱ्याला चाल लावायची माझी खोड काही जात नाही. ही म्हणते, "तुमी ओट्यावर बसला की कावळंबी गप व्हत्यात." कौतुकानं म्हणते असं मी धरून चालतो.

तेवढ्यात किमानी आले. आफ्रिकेतल्या केनियाहून पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकायला आलेले हे गृहस्थ दोन महिन्यांपासून आपल्या गावात आहेत. इथल्या भाताचा अभ्यास करायचा म्हणून हैबतरावांच्या गोठ्याशेजारची खोली त्यांनी भाड्यानं घेतली आहे. संध्याकाळी माझ्याकडे मराठीचं क्रमिक पुस्तक वाचतात. आज मात्र सकाळीच आले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "गुरुजी, एक प्रश्न आहे. एकच कात्री एका मनुष्यासाठी बोथट व दुसऱ्यासाठी धारदार असू शकते काय?"

मला वाटलं कोडं आहे. मग कळलं. सकाळी ते चावडीमागच्या उंबराखाली कोंडिबा न्हाव्यासमोर जाऊन बसले. कोंडिबा म्हणाला, कात्रीला धार न्हाई. किमानी उठले, आणि त्याच कात्रीनं कोंडिबानं हैबतरावांचे केस कापले. किमानी उभे राहून शेवटपर्यंत पाहत होते.

माझ्या गावात हे व्हावं! दिवसभर एकही ओळ सुचली नाही.

१५ ऑक्टोबर

कोंडिबाला गाठलं. म्हटलं, "कोंडिबा, ही काय रीत झाली?"

"गुर्जी, मला काय त्याचं? केस ते केस. मी कापीन. पन हैबतराव शेजारी बसल्यालं. म्हनलं, तीच कात्री माझ्या डोस्क्याला लावनार आसशील तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस."

"मग दुसरी कात्री घे."

"घेतो की. मग म्हनत्याल, कात्री दुसरी हाय, पन हात तर त्योच हाय."

'हात तोच' हे ध्रुवपद म्हणून चांगलं आहे. टिपून ठेवतो.

१७ ऑक्टोबर

हैबतरावांकडे गेलो. त्यांनी गूळ-पाणी दिलं, पाट दिला. माणूस वाईट नाही.

"गुरुजी, मान्साला माझी ना न्हाई. लई गुनाचा हाय. येता-जाता रामराम घालतो. पन न्हावी ज्याला हात लावत न्हाई त्याला मी घरात ठिवला, तर माझ्या पोरीला, जयाला बघाय पावनं येत्याल त्ये काय म्हनत्याल?"

"पण न्हाव्याला तुम्हीच अडवलंत!"

"मी आडवलं त्ये येगळं. त्यानं हात लावला न्हाई ह्ये येगळं." मग जरा घुटमळून म्हणाले, "कापनी उरकली की खोली मोकळी करा म्हनावं. भाताची पोती ठिवायचीत."

आता आली का पंचाईत! कापणीनंतर झोडणी, वाळवण, वजनं. किमानींचं खरं काम तेव्हाच सुरू होणार. खोली गेली तर अभ्यास अर्धा, अभ्यास अर्धा तर वर्ष वाया, आणि वर्ष वाया तर त्यांना परत पाठवतील. एका कात्रीपायी!

१८ ऑक्टोबर

हिला सगळं सांगितलं. ही चुलीसमोरून न उठता म्हणाली, "अवं, मग आपल्या पडवीत आना की त्यास्नी. येवढं काय त्यात?"

माझे डोळे भरून आले. तसाच किमानींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आईंना माझा नमस्कार सांगा. परंतु मी हैबतरावांचा भाडेकरू आहे, पाहुणा नाही. तुमच्या पडवीत आलो की सर्व गाव म्हणेल, प्रश्न सुटला. आणि केस तर पडवीत बसूनही वाढतात."

२२ ऑक्टोबर

तालुक्याच्या गावी जाऊन आलो. तिथल्या कचेरीत एक साहेब आहेत, कायदा पाठ असलेले. त्यांनी आस्थेनं चौकशी केली.

"शिवाशिव झाली म्हणता. कायदा आहे त्याला. गृहस्थ कोणत्या जातीचे?"

"केनियाचे."

साहेबांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. "ही जात आमच्याकडं नाही."

"म्हणजे अन्याय झालाच नाही?"

"झाला असेल गुरुजी. पण यादीबाहेर झाला."

बाहेरच्या शिपायानं माझी दया येऊन सांगितलं, "केसच कापायचं तर आमचं सायेब पुन्याला जात्यात." संध्याकाळी हे किमानींना सांगितलं. ते म्हणाले, पुण्यात त्यांचे केस त्यांच्याच देशाचा एक मित्र कापत असे, तो आता मायदेशी गेला. मागे एका सलूनवाल्यानं आत गिऱ्हाईक बसलेलं असताना 'आज सुट्टी आहे' असं सांगितलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, भिकूचे केस कोण कापतो?"

भिकू म्हणजे वेशीबाहेरच्या वस्तीतला माझा जुना विद्यार्थी. पलटणीत होता. हल्ली किमानींबरोबर खाचरं मोजत हिंडतो.

म्हटलं, "कोण जाणे. आपापले कापत असतील."

किमानींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं क्रियापद चुकलं की काय.

२८ ऑक्टोबर

कायदा हरला तिथं कविता उभी राहिली पाहिजे. तीन दिवस खपून 'श्यामलस्तोत्र' पुरं केलं. सुरुवात अशी:

*काळ्या मेघी दडले पाणी, काळ्या भुईत दाणे,*
*काळ्या पाटीवरती लिहिले पहिले आपण गाणे.*

पुढे कस्तुरी, काजळ, कोकीळ, जांभूळ, देवाची मूर्ती आणि हिच्या भाकरीचा तवासुद्धा येतो. काळ्या रंगाची एकही चांगली वस्तू सुटू दिलेली नाही. आज शाळेत हेडमास्तरांना विनवून मुलांकडून चालीवर म्हणवून घेतलं. किमानींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मुलं अशी डुलली की मला माझे दिवस आठवले. डोळे पुसून पाहतो तर किमानी नाही डुलले.

घरी परतताना त्यांनी विचारलं, "गुरुजी, कविता मोठी आहे. यात भात कुठे आहे?"

"भात?"

"मी येथे भातासाठी आलो आहे. हैबतराव फक्त माझा रंग पाहतात. तुम्हीही माझा रंगच पाहिलात. ते कुजबुजून पाहतात. तुम्ही चालीवर."

'चालीवर' हा प्रयोग त्यांनी इतका अचूक केला की शिकवणी वाया गेली नाही असं वाटलं. कवितेचा कागद मात्र घडी करून पेटीत ठेवला.

३ नोव्हेंबर

निश्चय झाला. कवितेनं नाही, कायद्यानं नाही, आता स्वतःच्या देहानंच. चावडीवर उभा राहून जाहीर केलं: "किमानींचे केस या गावात कापले जाईपर्यंत मी दाढी करणार नाही!"

चावडीवर तेव्हा तिघे होते. एक झोपला होता, एकाला ऐकू येत नाही, आणि तिसरा कोंडिबा. तो म्हणाला, "बरं."

१० नोव्हेंबर

दाढीला भयंकर खाज. वाटेत दोघांनी थांबवून हळू आवाजात विचारलं, "गुर्जी, कोन गेलं?" सुतक नाही म्हटल्यावर दोघंही जरा हिरमुसले.

कोंडिबा मात्र खुशीत आहे. मला वाटलं होतं, माझ्या निषेधानं त्याच्या पोटाला चिमटा बसेल आणि तो हैबतरावांशी भांडेल. त्यानं माझ्या भ्रमाचा भोपळा फोडला. "गुर्जी, बलुत्याचं धान्य वर्साचं ठरल्यालं हाय. तुमी दाढी करा न्हाईतर करू नगा, माझा वाटा त्योच. उलट माझा हात तेवढाच वाचतो. आनखी कुनाला निषेद करायचा आसंल तर बगा की."

ही म्हणाली, "भांडान हैबतरावाचं, शिक्षा तुमच्या गालाला, आन् सुट्टी कोंडिबाला. झ्याक हाय तुमचा कायदा."

१५ नोव्हेंबर

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला हिनं दाढीलाही तेल लावलं. किमानी फराळाला आले होते. केस खूपच वाढलेत. चकली खाताना म्हणाले, "भिकू म्हणतो, मी कापतो. मी त्याला म्हणालो, पहिली संधी कोंडिबाची."

"बरोबर केलंत," मी म्हणालो. ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज एक विलक्षण गोष्ट घडली. बानूबाई धनगरीण आली. तिचा मेंढा हरवला होता. "गुर्जी, कुटं दिसला का वो?" मी त्या वेळी आकाशात हरवलो होतो. कासारसाईच्या डोंगरावर असा काही ढग उतरला होता की बस्स. तिलाही दिसावा म्हणून मी तिकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी बानूबाई नारळ घेऊन हजर. मेंढा डोंगरावरच सापडला! माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "तरी म्हनलं, गुर्जी उगंच दाढी वाडवनार न्हाईत. नवस हाय ह्यो."

"अगं, नवस नाही. मी हे किमानींच्या..."

तिनं झटकन हात वर केला. "सांगू नगा! नवस सांगितला की फुकाट जातो!"

२४ नोव्हेंबर

रोज दोन-तीन नारळ. काल एकानं अंगारा मागितला. दिला नाही, तर त्यानं आमच्या चुलीतली राख नेली. ही म्हणते, "चूल आयती साफ हुती, जाऊ द्या." चार म्हाताऱ्यांनी माझं पाहून दाढी सोडली आहे. खरं कारण सांगायला तोंड उघडलं की सगळे कानावर हात ठेवतात. इतकी माणसं मागे उभी राहिली, आणि एकालाही ठाऊक नाही की ती कशामागे उभी आहेत. असा पाठिंबा कवीच्याच वाट्याला यायचा.

आज तर कमाल झाली. हैबतराव आले, आणि त्यांच्याही गालावर खुंट! म्हणाले, "गुरुजी, जयाचं जमना म्हनून मीबी धरलं. म्हनलं, गुरुजींचा नवस फिटंल तवाच माझीबी दाढी. आन् आज निरोप आला, पोरगी पसंत!" डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्यांच्या.

मी लगेच विषय काढला. "हैबतराव, माझा नवस तुमच्याच हातात आहे. तुम्ही कोंडिबाला एक शब्द..."

त्यांनी चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नगा! आता कुटं गाडी रुळावर आलीया."

जाता जाता म्हणाले, "त्या किमानीला तेवडं पोत्यांचं सांगा. सात तारखंच्या शनवारपतूर."

२ डिसेंबर

दुपारी किमानींना शनिवारची आठवण करून द्यायला निघालो होतो. खोलीत नव्हते. भिकूच्या घरापुढच्या जांभळीखाली सापडले. लाकडी खोक्यावर बसलेले, गळ्यात भिकूच्या बायकोचं लुगडं, आणि भिकू त्यांचे केस कापतोय! कात्री पलटणीतली, लांब पात्याची. हात असा फिरत होता जसा मी फळ्यावर अक्षर काढत असे.

"भिकू, हे कधी शिकलास रे?"

"शिकलू कशाला? आमच्या वस्तीत समद्यांचं आमीच कापतू, गुर्जी. तुमच्या शाळंत हुतो तवा माझं आजा कापायचा. कोंडिबा हितं कवा आलाय? त्यो न्हाई, त्याचा बा न्हाई." मग किमानींच्या डोक्यावर फुंकर मारत म्हणाला, "ह्यास्नी म्हनलं, कोंडिबाची वाट बगत आमचा आजा म्हातारा झाला. तुमाला शनवारपतूरच येळ हाय."

मला एकदम त्याचं बालपण आठवलं. काय गोड आवाज होता! शाळेबाहेर पडवीत बसून कविता म्हणायचा, तरी आत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायची. ते दोघांना सांगितलं. किमानींनी भिकूकडे पाहिलं, भिकूनं जांभळीकडे पाहिलं.

किमानींनी आरशात वळून वळून पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

रात्री हिला म्हटलं, "केस कापले गेले खरे, पण 'या गावात' म्हणता येईल का? वस्ती वेशीबाहेर..."

"मग वस्ती काय शेजारच्या मारुंजीत हाय व्हय?" ही म्हणाली आणि दिवा मालवला.

४ डिसेंबर

हा दिवस नीट लिहिला पाहिजे.

नवस फिटला म्हणून काल मी बानूबाईपाशी बोललो, म्हणजे गावभर झालं. सकाळी दारात ही गर्दी! हलगी, नारळ, गुलाल. कोंडिबा हत्यारांची धोपटी घासूनपुसून, कोरं धोतर नेसून आला होता. अशा दाढीचा मान न्हाव्याचाच. सगळ्यांत पुढे हैबतराव, गाल खाजवत. शुक्रवारी सुपारी फोडायला पाहुणे येणार, आणि त्याआधी चेहरा मोकळा व्हायला हवा. आधी माझी दाढी, मग त्यांची. असंच बोलले होते ना.

कोंडिबानं पाट मांडला. मी बसणार, तोच मनात आलं, कडवं जिथून उचललं तिथंच येऊन टेकलं पाहिजे. किमानींचे केस जिथं पडले तिथंच, त्याच हातानं माझी दाढी पडली तर यमक जुळतं. एवढाच विचार होता, दुसरं काही नाही. म्हणालो, "इथं नाही. नवस जांभळीखाली फिटला. तिथं चला."

मी चालू लागलो. हलगी मागोमाग येत होती ती वेशीपाशी थांबली. मागे वळून पाहिलं तर सगळे वेशीच्या आत उभे. कुणी पाऊल उचलेना. मग बानूबाई म्हणाली, "माझा नारळ का हितं फोडू? सरका!" आणि वेस ओलांडून आली. तिच्यामागे म्हातारे, त्यांच्यामागे हलगी, हलगीमागे बायका.

भिकूनं मला खोक्यावर बसवलं. साबण लावला, वस्तरा फिरवला. गार वारा गालाला लागला तेव्हा लहानपणी नदीत तोंड बुडवावं तसं वाटलं. नारळ फुटले.

मग सगळे हैबतरावांकडे पाहू लागले.

हैबतराव कोंडिबाकडे वळले. "कोंडिबा, तू माझी..."

बानूबाई कडाडली. "आन् नवस? गुर्जींचा हितं फिटला आन् तुमचा तितं? जयाच्या लग्नात इघ्न आलं तर मला म्हनू नगा!"

हैबतराव घामाघूम. एका बाजूला खोकं, एका बाजूला व्याही. शेवटी पागोटं काढून पुढे आले. खोक्यापाशी येऊन उभे राहिले.

भिकूनं वस्तरा उन्हात धरून पाहिला. "धार न्हाई, हैबतराव."

हलगी थांबली. किमानी माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू आला. हैबतरावांचा चेहरा उतरला. तो चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. मग आठवलं, चौदा ऑक्टोबरला माझ्या ओट्यावर, किमानींचा.

भिकूनं त्यांना तसंच उभं राहू दिलं. मग म्हणाला, "मस्करी केली. बसा."

हैबतराव बसले. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "सावकाश रं, भिकू."

"भिकाजी म्हना," भिकू म्हणाला.

"सावकाश, भिकाजी."

कोंडिबा माझ्या कानाशी म्हणाला, "गुर्जी, आता काय म्हनत्याल हैबतराव? हात तर त्योच हाय!" आणि असा हसला की धोपटी खाली पडली. धोपटी उचलताना किमानींना म्हणाला, "पुढच्या बारीला माझ्याकडं या. कात्रीला धार लावून ठिवतो." किमानी म्हणाले, "विचार करीन."

७ डिसेंबर, शनिवार

भाताची पोती हैबतरावांच्या माजघरात रचली आहेत. पाहुण्यांसमोर हैबतराव म्हणाले म्हणे, "खोली भाड्यानं दिल्याली हाय, करता काय?" खोलीत किमानींचा तराजू लागला आहे.

१२ डिसेंबर

किमानींचा देश आज स्वतंत्र झाला. पहाटेच ते मित्रांकडे पुण्याला गेले. केस नीट, सदरा इस्त्रीचा. मी काल त्यांच्या हाती नवं कडवं दिलं. त्यात एकही काळी वस्तू नाही. भात आहे, तराजू आहे, आणि भाडेकरू हा शब्द वृत्तात बसवताना माझा जीव गेला. वाचून म्हणाले, "ही मला समजली." डुलले मात्र याही वेळी नाहीत.

बानूबाई आली होती. मेंढ्या व्यायच्या आहेत. माझ्या साफ गालाकडे बघून नाराज झाली. "परत वाडवा की, गुर्जी."

संध्याकाळी हिच्यासाठी पाणी आणायला विहिरीवर गेलो. काठापासून बऱ्याच अंतरावर भिकूची बायको दोन रिकाम्या घागरी घेऊन उभी होती, कुणी ओतून देईल म्हणून. भिकू शेजारीच होता. मी तिच्या घागरी भरून दिल्या. मला वाटलं, तो आभार मानेल.

तो माझ्या हनुवटीकडे पाहून म्हणाला, "गुर्जी, आता हिरीसाठी काय वाडवताय?"

मी खूप हसलो. वाटेनं येतानाही हसत होतो. दारापाशी आल्यावर लक्षात आलं की तो हसला नव्हता.

हिला विचारलं. ही म्हणाली, "वाडवायचं काय? उद्या सकाळी तिच्यासंगं मी जाते. बघू, ती पानी वडताना कोन रहाट धरतंय."

कविता सुचत होती. राहू दिली.